तीन वाक्यांचा माणूस

कथेतील नायकाला जन्म असतो, बालपण असते, प्रेम, पराभव आणि मरण असते; परंतु ज्याच्या दारावर नायक एकदाच थाप मारतो आणि जो दार उघडून दोन-तीन वाक्ये बोलून पुन्हा कधीही दिसत नाही, त्या माणसाला लेखकाने यांपैकी काहीच दिलेले नसते. तरीही दार उघडताना तो कुठून तरी उठून आलेला असला पाहिजे, आतल्या खोलीत त्याचे काहीतरी अर्धवट राहिलेले असले पाहिजे, हे ज्याला उमगले त्याला चरित्र-अभिनेत्याची विद्या उमगली, अशी माझी धारणा आहे. ही विद्या मी लंडनच्या चित्रपटांसाठी आणि दूरचित्रवाणीसाठी आयुष्याचा बहुतेक काळ राबवली. देश सोडून आलेल्या माणसाला तिचा एक भाग कोणी शिकवावा लागत नाही, कारण तो ज्या लोकांत वावरतो त्यांनी त्याचा पूर्वार्ध पाहिलेलाच नसतो. घरमालकीण, कोपऱ्यावरचा दुकानदार, टपालकचेरीतील मुकादम, या सर्वांना तो मध्येच कुठून तरी प्रवेश करणारा इसम म्हणूनच भेटतो, आणि आपण याआधीही कोणीतरी होतो ही गोष्ट त्याला स्वतःजवळच जपून ठेवावी लागते.

माझा पूर्वार्ध गिरगावातला. दिवसा सरकारी हिशेबखात्यात कारकुनी आणि दिवेलागणीनंतर तालीम, असा शिरस्ता होता. राज्य नाट्यस्पर्धा १९५४ साली सुरू झाली, तेव्हापासून कचेऱ्या-कचेऱ्यांतून नाटकाचे वेड असे पसरले होते की वरिष्ठ अधिकारी रजेच्या अर्जावर सही करताना भूमिका कोणती हे आधी विचारीत. मला नायकाच्या भूमिका मिळत नसत. मामा, मुनीम, शेजारी, हेडकारकून हा माझा मुलूख. त्याचे वैषम्य वाटण्याच्या वयात मी केशवराव दाते यांना पाहिले. प्रभातच्या १९३७ सालच्या 'कुंकू'तील त्यांचे काकासाहेब मी पुष्कळ उशिरा, एका जुन्या प्रतीत पाहिले. तरुण मुलीशी लग्न लावून बसलेला तो वयस्क वकील. ज्याचा प्रेक्षकाला संताप यावा अशीच कथेची योजना. आणि दात्यांनी आवाज न चढवता, केवळ मानेच्या आणि खांद्यांच्या उताराने, त्या माणसाला स्वतःच्या कृत्याची जाणीव होत जाते ती अशी दाखवली आहे की संतापाच्या जागी आपल्या मनात करुणा केव्हा येऊन बसली हे कळत नाही. आवाज राखून ठेवण्याचे जे बळ पुढे कॅमेऱ्यासमोर मला उपयोगी पडले, ते मी लंडनमध्ये शिकलो नाही. ते दात्यांचे देणे आहे.

मी १९६१ साली इंग्लंडला आलो. पुढच्याच वर्षीच्या १ जुलैपासून राष्ट्रकुलातील नागरिकांच्या प्रवेशावर निर्बंध घालणारा कायदा अंमलात आला, आणि त्याआधी पोहोचण्याची जी घाई त्या वर्षी आमच्या सगळ्यांना झाली होती, तिच्यात नट, सुतार, डॉक्टर, मोटारचालक असे सारे एकाच बोटीवर होते. नाटकाचे शिक्षण घ्यायचे, वर्ष-दोन वर्षे काम करायचे आणि परतायचे, असा बेत होता. परतणे लांबत गेले आणि पुढे तो बेत कोणी विचारीनासे झाले.

नटाच्या धंद्याला तिथे दोन दप्तरे होती, आणि दोन्हींत नाव लागल्याशिवाय माणूस नट म्हणून अस्तित्वातच येत नसे. पहिले 'इक्विटी', ही नटांची १९३० साली स्थापन झालेली संघटना. तिचा सभासद-दाखला हाती नसेल तर काम नाही, आणि काम केल्याचा करारनामा दाखवल्याशिवाय दाखला नाही. या कोंडीतून बाहेर पडण्याची वाट बहुधा लहान गावांतील नाटकमंडळ्यांतून जाई. उत्तरेकडील एका फिरत्या मंडळीत मी हमाल, पहारेकरी, परदेशी वकील असे जे पदरात पडेल ते करून तो दाखला मिळवला. दुसरे दप्तर म्हणजे 'स्पॉटलाइट', नटांच्या छायाचित्रांची जाडजूड ग्रंथरूप फेरिस्त, जी १९२७ पासून निघत होती आणि प्रत्येक निर्मात्याच्या मेजावर असे. तिच्यात वर्गवारी असे, आणि कोणत्या वर्गात आपले छायाचित्र छापून घ्यावे याचा निर्णय नटाने स्वतः करावयाचा असे. माझ्या मुखत्याराने, म्हणजे शेकडा दहा दस्तुरीवर काम मिळवून देणाऱ्या एजंटाने, मला चरित्र-अभिनेत्यांच्या वर्गात जाण्याचा सल्ला दिला तेव्हा माझे केस काळे होते. तो सल्ला योग्य होता. तरुण हिंदी नायकाचे काम वर्षानुवर्षे निघत नसे, पण हिंदी डॉक्टर, हिंदी दुकानदार, बसचा वाहक आणि संस्थानिकाचा सेवक यांची मागणी कधीच पूर्ण थांबत नसे. ती थांबे तेव्हा माउंट प्लेझंटच्या टपालकचेरीत रात्रपाळीला पत्रे निवडण्याचे काम होते, आणि बीबीसीच्या बुश हाउसमध्ये हिंदी प्रक्षेपणासाठी एखादे रूपक वाचले की थोडीबहुत बिदागी मिळे. तिथल्या उपाहारगृहात मला जे सहकारी भेटले, लखनौचे, लाहोरचे, ढाक्याचे, कोलंबोचे, त्यांच्याकडून मी या धंद्यातले जितके शिकलो तितके कुठल्याही शाळेत शिकलो नाही.

इंग्रज प्रेक्षकाच्या कानात त्या काळी हिंदी माणसाचा एकच आवाज भरून राहिला होता, आणि तो हिंदी माणसाचा नव्हता. १९६० साली 'द मिलियनेअरेस' या चित्रपटात पीटर सेलर्स यांनी सोफिया लॉरेनसमोर डॉ. कबीर ही भूमिका केली. सेलर्स यांच्या असामान्य प्रतिभेविषयी मला यत्किंचितही शंका नाही. परंतु एका प्रतिभावंताने एका पात्रासाठी घडवलेला तो स्वर पुढे सगळ्या उपखंडाचा स्वर म्हणून रूढ झाला, आणि आम्ही निवडीसाठी जात असू तेव्हा समोर बसलेली सज्जन माणसे, मनात कसलाही दुष्टावा नसताना, आमच्या तोंडून त्याचीच अपेक्षा करीत. "तुमचे उच्चार थोडे अधिक भारतीय करता येतील का?" हा प्रश्न मला प्रथम विचारला गेला तेव्हा मी गिरगावातील माझ्या शाळेत शिकलेले इंग्रजी बोलत होतो. त्याहून अधिक भारतीय उच्चार माझ्याजवळ नव्हते.

यावर मी एक तजवीज केली आणि ती शेवटपर्यंत सोडली नाही. मिळालेल्या पात्राला मी आधी गाव द्यायचा. संहितेत 'दुकानदार' एवढेच लिहिलेले असले तरी तो दुकानदार जालंदरचा की सिल्हेटचा की राजकोटचा हे ठरवल्याशिवाय मी वाक्य पाठ करीत नसे. जालंदरचा माणूस 'स्कूल' या शब्दातील जोडाक्षर फोडून 'सकूल' म्हणतो, तर अलाहाबादचा त्याच्या आधी एक स्वर लावून 'इस्कूल' म्हणतो; बंगाल्याचा 'व' ओठांवर येता येता 'भ' होऊन बसतो; मद्रासकडचा माणूस स्वराने सुरू होणाऱ्या इंग्रजी शब्दाला नकळत 'य'चा आधार देतो. हे भेद दिग्दर्शकाला ऐकू येत नसत, प्रेक्षकांतही फार थोड्यांना येत. परंतु साउथॉलमधील पंजाबी गृहिणीला ते ऐकू येत होते, ब्रॅडफर्डच्या गिरणीतल्या मिरपुरी कामगाराला ऐकू येत होते, आणि स्वतःसारखे बोलणारे माणूस त्या पडद्यावर पाहण्याचा त्यांचा हक्क तीन वाक्यांपुरता का होईना, मला पुरवता येत होता. विशिष्ट गावचा माणूस विदूषक होणे कठीण असते. ज्याला गावच नाही त्याला कोणीही हसावे.

कामाच्या पद्धतीविषयी सविस्तर लिहितो, कारण ती आता राहिलेली नाही. बीबीसीच्या नाटकाच्या तालमी आधी चर्चच्या सभागृहांतून आणि मुलांच्या क्लबांतून होत. १९७०च्या सुमारास उत्तर ॲक्टनला तालमींसाठी एक स्वतंत्र उंच इमारत झाली आणि नटमंडळी तिला हॉटेलच्या नावाने संबोधू लागली. तिथल्या खोल्यांच्या जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्यांनी नेपथ्याचा नकाशा आखलेला असे: ही भिंत, हे दार, हा जिना. लोखंडी खांब उभे करून दारांच्या चौकटी दाखवीत. त्या रेषांमध्ये आम्ही दिवसचे दिवस चालत असू, आणि नाटकाच्या रंगमंचावर वाढलेल्या मला ही गोष्ट फार मानवली. भिंत दिसत नसताना भिंतीला टेकण्याचे शिक्षण मुंबईत फुकट मिळते. मग सर्व लवाजमा व्हाइट सिटीच्या टेलिव्हिजन सेंटरमध्ये जाई. एकाच वेळी चार-पाच कॅमेरे, डोक्यावर लांब दांडीला टांगलेला ध्वनिग्राहक, वर काचेआड नियंत्रणकक्षात दिग्दर्शक. आणि रात्री दहा वाजता दिवे जाणार हे निश्चित. संघटनेच्या कराराने ठरलेली ती वेळ कोणासाठी पुढे ढकलली जात नसे. त्यामुळे शेवटच्या तासात साऱ्या दालनात एक विलक्षण निःशब्द घाई पसरे. नायक-नायिकेच्या प्रवेशाला वेळ दिलेला असे. तीन वाक्यांच्या माणसाचा प्रवेश बहुधा दहाला काही मिनिटे कमी असताना निघे, आणि एकदाच निघे. त्या एका खेपेत चुकायचे नाही, धापही लागू द्यायची नाही, आणि त्या माणसाला रात्रीचे दहा वाजत आलेले नाहीत असे दिसले पाहिजे. हे ज्यांनी सातत्याने केले त्यांची नावे वर्तमानपत्रांत आली नाहीत, परंतु निर्मात्यांच्या सहायकांच्या वहीत ती असत, आणि पोट त्या वहीवर चाले.

सत्तरीच्या दशकात आमच्यापैकी अनेकांना विनोदी मालिकांनी काम दिले. त्यांतील एक, 'इट एंट हाफ हॉट मम', १९७४ ते १९८१ चालली आणि तिची सुरुवात आपल्या नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत घडते, ही गोष्ट इंग्लंडमधील मराठी माणसांना प्रथम मोठी नवलाची वाटली. तीत रंगी राम या हुजऱ्याचे काम मायकेल बेट्स हे इंग्रज नट चेहऱ्याला रंग लावून करीत. बेट्स झाशीला जन्मलेले होते आणि त्यांची हिंदुस्थानी उत्तम होती. त्यांच्या कसबाबद्दल मला आदर आहे. तरीही मुख्य भूमिका रंग लावलेल्या माणसाला आणि पंखा ओढण्याची भूमिका रंग न लावता चालणाऱ्या माणसाला, ही वाटणी मला त्या वेळीही पटत नव्हती आणि आजही पटत नाही. 'माइंड युअर लँग्वेज' १९७७ साली आली, तेव्हा ढाक्याला जन्मलेले दिनो शफीक तिच्यात पाकिस्तानी झाले आणि सिंहलद्वीपात जन्मलेले आल्बर्ट मोझेस शीख झाले. पुढे या मालिकांची कठोर निंदा झाली. निंदेतील पुष्कळसे खरे आहे. पण शफीक यांचे काम पुन्हा पाहावे. ज्या वाक्यावर प्रेक्षक हसतात त्या वाक्याच्या आधी त्यांच्या डोळ्यांत एक शिकण्याची आतुरता असते, ती संहितेत नाही. ती त्यांनी आणली आहे. अन्याय्य चौकटीत निष्ठेने केलेले काम चौकटीबरोबर फेकून देऊ नये, एवढेच माझे मागणे आहे.

मग एकाएकी ऋतू पालटावा तसे झाले. १९८२ साली ॲटनबरो यांचा 'गांधी' आला, आणि १९८४ साली 'ज्युएल इन द क्राउन' ही चौदा भागांची मालिका व डेव्हिड लीन यांचा 'अ पॅसेज टू इंडिया' हे दोन्ही आले. 'गांधी'ने आम्हां मराठी माणसांना अभिमानाचे प्रसंग दिले: श्रीराम लागूंचे गोपाळ कृष्ण गोखले, रोहिणी हट्टंगडींच्या कस्तुरबा, ज्यांना ब्रिटिश चित्रपट अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि कोल्हापूरच्या भानू अथैया यांची वेशभूषा, जिने भारताला पहिले ऑस्कर मिळवून दिले. परंतु याच लाटेत माझ्या मनाला जे लागले ते प्राध्यापक गोडबोले यांच्यासंबंधी आहे. 'अ पॅसेज टू इंडिया' ही मूळची फॉर्स्टर यांची १९२४ची कादंबरी, आणि तिच्यात त्यांनी नारायण गोडबोले हे पात्र घातले ते कल्पनेच्या भरात नव्हे. १९२१ साली ते देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांचे, तुकोजीराव पवारांचे, खासगी चिटणीस होते. मराठा दरबारातील गोकुळाष्टमीचा सोहळा त्यांनी प्रत्यक्ष पाहिला होता, आणि कादंबरीच्या अखेरच्या भागात गोडबोले देवापुढे उभे राहून गातात तेव्हा तिथे तुकारामांचे नाव घुमते. इंग्रजी साहित्याच्या एका शिखरावर आमच्यातला एक माणूस असा उभा आहे, ताल धरून, टाळ वाजवीत. चित्रपटात ती भूमिका ॲलेक गिनेस यांच्याकडे गेली. बावीस वर्षांपूर्वी 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'त लीन यांनीच त्यांना अरब राजपुत्र फैजल केले होते, आणि ते काम मी आजही थोर मानतो. गोडबोले मात्र त्यांना लाभले नाहीत. गिनेस यांनी गूढता आणली, आणि गोडबोले गूढ नाहीत. अभंग म्हणणारा माणूस गूढ नसतो, तो आपल्या कामात असतो. वारकऱ्यांत वाढलेल्या कोणाही मध्यम प्रतीच्या मराठी नटाने ते एका हालचालीत दाखवले असते. त्या भूमिकेसाठी मला कोणी बोलावले नव्हते, त्यामुळे वैयक्तिक हानीचा प्रश्नच नाही. ज्याचे गाव, कूळ, भाषा आणि देव लेखकाने नावानिशी दिले होते, अशा एका माणसाचे ते सर्व पडद्यावर पुसले गेले, याचे दुःख आहे.

त्याच 'लॉरेन्स'मध्ये झिया मोहिउद्दीन यांनी केलेला तफास हा वाटाड्या मी नव्या नटांना नेहमी पाहावयास सांगतो. १९६० साली लंडनच्या रंगभूमीवर 'अ पॅसेज टू इंडिया'तील डॉ. अझीझ करून ज्यांनी नाव मिळवले होते, त्यांना इथे वाळवंटातील थोडासा प्रवास मिळतो आणि मग विहिरीवर गोळी लागून मरण येते. पण त्या थोड्या अवधीत त्यांनी त्या बेदुइनाला कुतूहल दिले, संकोच दिला, भेट मिळालेल्या पिस्तुलाचा आनंद दिला. म्हणून त्याचे मरण पुढच्या चित्रपटभर आपल्या मनावर राहते.

माझ्या स्वतःच्या कामांपैकी एकच सांगतो. रुग्णालयाच्या एका मालिकेत मला डॉक्टर व्हायचे होते. संहितेत नाव नव्हते, 'भारतीय डॉक्टर' असे होते, आणि एका म्हाताऱ्या बाईला नवरा गेल्याचे सांगण्याची तीन वाक्ये होती. आमच्याकडून गेलेल्या डॉक्टरांना त्या काळी इंग्लंडात शल्यचिकित्सेत वरच्या हुद्द्याची जागा सहसा मिळत नसे. वार्धक्याच्या आणि मनोरुग्णांच्या विभागांत, जिथे इंग्रज तरुण डॉक्टर जायला राजी नसत, तिथे त्यांची भरती होई, आणि ते विभाग त्यांनीच चालवले. मी ठरवले की हा साताऱ्याचा, ग्रँट मेडिकलचा विद्यार्थी. शल्यविशारद व्हायला आला आणि म्हाताऱ्यांच्या विभागात राहिला. म्हणजे ही वार्ता त्याने परक्या भाषेत, रात्री-अपरात्री, कितीतरी बायकांना सांगितलेली आहे. असा माणूस ती उभ्याने सांगणार नाही. तो आधी खुर्ची ओढील, बाईच्या डोळ्यांच्या पातळीला येईल, आणि मग बोलेल. दिग्दर्शकाने आरंभी नकार दिला, कारण कॅमेऱ्याची चौकट उभ्या माणसासाठी बांधलेली होती. मी वाद न घालता तालमीत एकदा तसे करून दाखवले. त्या बाईंचे काम करणाऱ्या वयोवृद्ध अभिनेत्रीने, मी बसताच, आपली हातातली पिशवी मांडीवरून खाली ठेवली. तिच्या त्या कृतीने प्रवेशाचा अर्थच उलगडला, आणि दिग्दर्शकाने कॅमेरा खाली घ्यायला सांगितला. प्रक्षेपणानंतर लीड्सहून एका महाराष्ट्रीय डॉक्टरांचे पत्र आले. त्यांनी अभिनयाची स्तुती केली नव्हती. आपणही आधी खुर्ची ओढतो, एवढेच कळवले होते. धंद्यात मला मिळालेले दुसरे कोणतेही प्रशस्तिपत्र मी इतके मोलाचे मानत नाही.

संपूर्ण माणूस करण्याची भूक मात्र अशा कामांनी भागत नाही, हेही तितकेच खरे. ती मी महाराष्ट्र मंडळाच्या नाटकांत भागवली. न. चिं. केळकरांच्या पुढाकाराने १९३२ साली लंडनमध्ये निघालेल्या या मंडळात गणपतीच्या दिवसांत नाटके होत, आणि तिथे मी बाप झालो, आजोबा झालो, तीन अंकभर बोललो.

आता आलेली पिढी इंग्लंडातच जन्मलेली. १९७६ साली साउथॉलमध्ये एका शीख तरुणाची हत्या झाली, तिच्या पाठोपाठ जतिंदर वर्मा आणि त्यांच्या सोबत्यांनी १९७७ साली 'तारा आर्ट्स' ही नाटकमंडळी काढली. तिच्यापासून या पिढीने कोणाच्याही परवान्याची वाट न पाहता स्वतःची कामे स्वतः लिहायला घेतली. सेलर्स आणि लॉरेन यांच्या गाण्याचे 'गुडनेस ग्रेशियस मी' हे नाव त्यांनी १९९८ साली दूरचित्रवाणीवर आलेल्या आपल्या मालिकेला लावले आणि तो जुना उसना स्वर स्वतःच्या ताब्यात घेतला, तेव्हा मला जो आनंद झाला तो शब्दांत मावणारा नाही.

तरीही जुने प्रश्न नव्या वेशात येतातच. मध्यंतरी मंडळातील परिचयाची एक तरुण नटी घरी आली. एका चित्रपटात तिला संशयित अतिरेक्याच्या आईचे काम आले होते. दोन प्रवेश, नाव नाही. "काका, घेऊ की सोडून देऊ?" तिने विचारले. मी तिला म्हटले, "होय-नाही सांगण्याआधी लेखकाला विचार, ही बाई मूळची कुठली, आणि पोलीस आले तेव्हा ती काय करीत होती. त्याला सांगता आले नाही तर तू ठरव आणि लिहून पाठव." तिने एक पानभर मजकूर लिहून पाठवला: बाई झेलमकडची, शिवणकाम करणारी, पोलीस आले तेव्हा शेजारणीच्या मुलीचा लग्नातला पोशाख तिच्या यंत्रावर होता. लेखकाचे चार दिवस उत्तर आले नाही. मग सुधारलेली संहिता आली. तिच्यात शिवणयंत्र होते, बाईला नाव होते, आणि एक प्रवेश वाढलेला होता. तिने काम घेतले. चित्रीकरणाला निघण्यापूर्वी झेलमच्या बोलीसाठी कोणाकडे जावे हे विचारायला तिचा दूरध्वनी आला, आणि मी बुश हाउसच्या दिवसांतील एका जुन्या सहकाऱ्याचा पत्ता शोधून तिला दिला.